‘सब्लाइम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सब्लाइम’ म्हणजे नेमके काय?

एखादी गोष्ट इतकी विशाल, इतकी उंच किंवा इतकी श्रेष्ठ असते की ती पाहताना, ऐकताना किंवा वाचताना मन आधी दडपते आणि त्याच क्षणी उंचावतेही. अशा गोष्टीला इंग्रजीत ‘सब्लाइम’ हे विशेषण लावतात. खवळलेला समुद्र, ढगांच्या वर डोके काढलेले पर्वत, अमावास्येचे चांदण्यांनी भरलेले आकाश ही याची नेहमीची उदाहरणे. निसर्गाबाहेरही हा शब्द चालतो: संगीतातील एखादी रचना, काव्यातील एखादी ओळ, एखाद्या व्यक्तीचा विलक्षण त्याग यांनाही तो लावला जातो.

इंग्रजी-मराठी शब्दकोशांत ‘उदात्त’, ‘भव्य’, ‘उत्तुंग’, ‘अत्युच्च’ असे पर्याय आढळतात. त्यांपैकी एकही चुकीचा नाही, परंतु एकही प्रत्येक वाक्यात बसणारा नाही. पुढील बहुतेक प्रश्न याच अडचणीतून निघालेले आहेत.

‘भव्य’ हा सोपा शब्द असताना एवढा खल कशासाठी?

‘भव्य’ हा शब्द वस्तूच्या आकाराविषयी आणि थाटाविषयी बोलतो. सभामंडप भव्य असतो, सोहळा भव्य असतो, बक्षीससुद्धा भव्य असते. पाहणाऱ्याच्या मनात काय घडले, याविषयी हा शब्द फारसे काही सांगत नाही. ‘सब्लाइम’चा सगळा भर मात्र मनात जे घडते त्यावर आहे. भव्य मंडपात शिरताना आपण कौतुकाने मान वर करतो, पण आपल्या अस्तित्वाचा आकार आपल्याला आठवत नाही. कड्याच्या टोकावरून खोल दरीत पाहताना तो आठवतो, पोटात गोळा येतो, आणि तरीही तिथून पाऊल मागे घ्यावेसे वाटत नाही. ही दुहेरी अवस्था जिथे अभिप्रेत असेल, तिथे ‘भव्य’ हे भाषांतर अपुरे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शब्दाचे मूळ कोणते?

मूळ लॅटिन आहे. ‘सब्लिमिस’ म्हणजे उंच, वर उचललेला, अधांतरी. त्यातील ‘सब’ या उपसर्गाचा अर्थ येथे ‘खाली’ असा नसून ‘खालून वर, थेट अमुक मर्यादेपर्यंत’ असा घेतला जातो. उरलेल्या भागाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही: काही जण तो ‘लिमेन’ म्हणजे दाराची चौकट किंवा उंबरठा या शब्दाशी जोडतात, तर काही जण ‘तिरपा, चढता’ अशा अर्थाच्या शब्दाशी.

इंग्रजीत आधी रुळले ते क्रियापद. चौदाव्या शतकाच्या अखेरीस किमयागारांच्या परिभाषेत ते वापरले जात होते आणि त्याचा अर्थ पदार्थ तापवून त्याची वाफ करणे व ती वाफ पुन्हा थंड करून घनरूपात गोळा करणे असा होता. उंच, थोर, भव्य या अर्थाचे विशेषण सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. म्हणजे आज ज्याला आपण या शब्दाचा रुक्ष, शास्त्रीय अर्थ समजतो, तोच इंग्रजीपुरता जुना आहे.

साहित्यविचारात या संकल्पनेला इतके महत्त्व कसे आले?

त्याचे श्रेय एका लहानशा ग्रीक ग्रंथाला जाते. ‘पेरी हिप्सूस’, म्हणजे ‘उंचीविषयी’ किंवा ‘उदात्ततेविषयी’, हा ग्रंथ बहुधा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहे. तो परंपरेने लॉन्जायनसच्या नावावर आहे, पण खरा लेखक कोण हे निश्चित झालेले नाही. ग्रंथाचा काही भाग हरवलेला आहे, आणि तरीही युरोपच्या साहित्यविचारावर त्याने जी छाप पाडली ती अनेक परिपूर्ण ग्रंथांना पाडता आली नाही.

श्रोत्याला पटवणे हे वक्तृत्वाचे काम, परंतु खरे उत्तुंग लेखन श्रोत्याला पटवत बसत नाही, ते त्याला स्वतःबाहेर खेचून नेते, असे या लेखकाचे म्हणणे आहे. त्याच्या मते उदात्त शैलीचे उगम पाच आहेत: विचारांची झेप, भावनेचा आवेग, अलंकारांची योग्य योजना, शब्दांची निवड आणि रचनेचा डौल. त्यांपैकी पहिले दोन जन्मजात असतात आणि उरलेले तीन कलेने साधता येतात, असे तो म्हणतो. उदात्तता हा थोर मनाचा प्रतिध्वनी होय, हे त्याचे वचन तर सतत उद्धृत होते. डेमॉस्थेनिस आणि सिसरो या दोन वक्त्यांची तुलना करताना तो पहिल्याला विजेच्या लोळाची आणि दुसऱ्याला दूरवर पसरत जाणाऱ्या वणव्याची उपमा देतो. ज्याला शैलीतला फरक एका वाक्यात सांगायचा आहे त्याने ही जागा अवश्य वाचावी.

बॉयलो या फ्रेंच लेखकाने १६७४ साली या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्यानंतर हा विषय युरोपभर चर्चेत आला. तोवर ‘सब्लाइम’ हे प्रामुख्याने लेखनशैलीचे विशेषण होते. पुढच्या शंभर वर्षांत ते पर्वतांना, समुद्राला आणि वादळांना लागू लागले. जॉन डेनिस या इंग्रज समीक्षकाने १६८८ साली आल्प्स ओलांडताना कड्यांच्या काठावरून चालण्याचा अनुभव घेतला आणि आपल्याला तिथे आनंददायक धास्ती व भीषण हर्ष वाटल्याचे नोंदवून ठेवले. पुढे जे तत्त्वज्ञान उभे राहिले त्याचे बीज या नोंदीत स्पष्ट दिसते.

‘सब्लाइम’मध्ये भीती असायलाच हवी का?

ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कला विचारले तर होय. १७५७ साली त्याने ‘सब्लाइम’ आणि ‘ब्युटिफुल’ या दोन कल्पनांच्या उगमाची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या दोन्हींमध्ये ठळक रेघ ओढली. त्याच्या मते जे लहान, गुळगुळीत, नाजूक आणि हळुवार वळणांचे असते ते सुंदर वाटते. याउलट विशालता, अंधार, अस्पष्टता, एकांत, शांतता, अफाट शक्ती आणि अंत नसल्याचा भास या गोष्टींतून ‘सब्लाइम’ जन्मते, आणि या सगळ्यांच्या मुळाशी भय असते. अशा अनुभवाची सर्वोच्च पायरी म्हणजे थक्क होणे: मन त्या एका वस्तूने इतके भरून जाते की दुसरा विचार आत शिरूच शकत नाही. आदर, कौतुक या त्याच्या खालच्या पायऱ्या.

बर्कने दिलेले एक उदाहरण मला फार मार्मिक वाटते. औताचा बैल बलवान असतो, पण तो गरीब, उपयोगी आणि निरुपद्रवी असतो, म्हणून त्याच्या बळाने कोणी भारावत नाही. माजलेला वळू तितकाच बलवान असतो, पण त्याचे बळ विध्वंसक असते आणि ते आपल्या कामाला जुंपता येत नाही. म्हणून काव्यात आणि उपमांत मानाचे स्थान वळूला मिळते, बैलाला नाही. बळ तेच असले तरी ते आपल्या ताब्याबाहेर गेले की त्याला वेगळीच उंची येते.

अर्थात भय खरे झाले तर आनंद उरत नाही, हेही बर्क सांगतो. धोका अगदी अंगावर आला तर ती फक्त भीती असते. थोडे अंतर राहिले तरच त्यातून तो विलक्षण हर्ष निर्माण होतो.

कांटचे म्हणणे याहून वेगळे कसे?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९० सालच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात दोन प्रकार मानले. पहिला प्रकार आकाराचा, ज्याला तो गणिती म्हणतो. समोरच्या वस्तूचा विस्तार इतका असतो की कल्पनाशक्ती तो एका दृष्टिक्षेपात कवळू शकत नाही. इजिप्तमधील पिरॅमिड आणि रोममधील सेंट पीटर चर्च ही त्याने दिलेली उदाहरणे आहेत. दुसरा प्रकार शक्तीचा, म्हणजे गतिशील: अंगावर कोसळतील असे वाटणारे कडे, गडगडणारे मेघ, ज्वालामुखी, झंझावात, उसळलेला सागर. त्यांच्यापुढे आपले शरीरबळ नगण्य ठरते.

परंतु कांट इथे एक निर्णायक वळण घेतो. समुद्र स्वतः ‘सब्लाइम’ नाही, असे तो म्हणतो. समुद्र नुसता भयंकर आहे. सुरक्षित जागी उभे राहून तो पाहताना आपल्यातील विवेकशक्ती जागी होते, आपण देहाने क्षुद्र असूनही अनंताची कल्पना करू शकतो आणि निसर्गाच्या बळापुढे न झुकणारे काही आपल्यात आहे, याची जाणीव होते. ‘सब्लाइम’ आहे ती ही जाणीव. म्हणून कांटच्या संदर्भात भाषांतर करताना हे विशेषण वस्तूला न चिकटवता अनुभवाला जोडणे अधिक योग्य.

‘ग्रँड’, ‘मॅजेस्टिक’, ‘मॅग्निफिसंट’ आणि ‘सब्लाइम’ एकमेकांऐवजी वापरता येतील का?

सैल बोलण्यात लोक वापरतात, काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने वापरू नयेत. याविषयी डोरोथी वर्ड्सवर्थने लिहून ठेवलेला एक प्रसंग फार बोलका आहे. १८०३ साली ती, तिचा कवी भाऊ विल्यम आणि कवी कोलरिज स्कॉटलंडच्या प्रवासात क्लाइड नदीचे धबधबे पाहायला गेले होते. ‘ग्रँड’, ‘मॅजेस्टिक’ आणि ‘सब्लाइम’ यांतला नेमका भेद काय, यावर कोलरिजने आदल्याच दिवशी विल्यमशी बराच वेळ चर्चा केली होती. धबधब्यापाशी भेटलेला एक अनोळखी पर्यटक म्हणाला की हा ‘मॅजेस्टिक’ धबधबा आहे. इतका अचूक शब्द ऐकून कोलरिज हरखून गेला आणि त्याने लगेच दुजोरा दिला. त्यावर तो गृहस्थ उत्तरला, ‘सब्लाइम अँड ब्युटिफुल’. ज्या दोन कल्पना बर्कने इतक्या कष्टाने वेगळ्या केल्या होत्या त्या त्याने सहज एकत्र बांधून टाकल्या. कोलरिजला पुढे बोलणेच सुचले नाही आणि परत येऊन त्याने ही हकिगत मनापासून हसत सांगितली.

भेद थोडक्यात असा मांडता येईल. ‘ग्रँड’मध्ये मोठेपणा आणि थाट आहे. ‘मॅजेस्टिक’मध्ये राजाचा डौल आहे, संथ पंख पसरून घिरट्या घालणारा गरुड ‘मॅजेस्टिक’ असतो, त्यासाठी मराठीत ‘राजस’ किंवा ‘डौलदार’ चालेल. ‘मॅग्निफिसंट’मध्ये वैभव आणि झळाळी आहे. ‘ग्रँडिओज’ मात्र वेगळ्या वाटेचा शब्द आहे: त्यात पेलवणार नाही असा बडेजाव सूचित होतो, त्यामुळे स्तुती म्हणून तो लिहू नये.

मराठीत सरसकट ‘उदात्त’ लिहिले तर काय बिघडते?

साहित्यशास्त्रात आणि तत्त्वज्ञानात ‘उदात्त’ आणि ‘उदात्तता’ या संज्ञा रूढ आहेत, त्या तशाच वापराव्यात. शब्द मूळचा उंचीचाच आहे. वैदिक पठणातील उदात्त, अनुदात्त आणि स्वरित या तीन स्वरांपैकी पहिला तो उदात्त, आणि पाणिनीने त्याचे लक्षण ‘उच्चैरुदात्तः’ असे दिले आहे. उंचावलेला स्वर आणि उंचावलेले मन यांना एकच शब्द असावा, ही लॅटिन ‘सब्लिमिस’शी जुळणारी मोठी सुंदर गोष्ट आहे.

अडचण आहे ती आजच्या मराठीतील अर्थच्छटेची. ‘उदात्त’ म्हटले की आपल्या मनात नैतिक थोरवी येते: उदात्त हेतू, उदात्त विचार, उदात्त चरित्र. धीरोदात्त नायक हा शूर असतो, पण त्याचबरोबर क्षमाशील, गंभीर आणि आत्मप्रौढी न मिरवणारा असतो. इंग्रजी शब्दाला नैतिकतेची ही अट नाही. जहाजे गिळणारे वादळ ‘सब्लाइम’ असू शकते. त्याला मराठीत ‘उदात्त वादळ’ म्हटले तर वाचक अडखळेल, आणि त्याचे अडखळणे रास्त असेल.

एक साधे वाक्य घेऊन पाहू: ‘द स्टॉर्म ओव्हर द पीक्स वॉज सब्लाइम.’ याचे ‘शिखरांवरचे वादळ उदात्त होते’ हे भाषांतर मराठीच्या कानाला खटकते. ‘शिखरांवरचे वादळ भव्य होते’ यात वादळाचे रौद्रपण हरवते. ‘शिखरांवर घोंघावणाऱ्या वादळाचे ते विराट, रौद्र रूप पाहून मन भयचकित झाले’ असे लिहिले तर शब्द वाढतात, पण अर्थ पुरता उतरतो. मी स्वतः तिसरा मार्ग पसंत करतो. एका विशेषणासाठी एकच विशेषण हवे, हा हट्ट इथे सोडलेला बरा. निसर्गासाठी ‘विराट’, ‘रौद्रसुंदर’, ‘भयचकित करणारे’. शैलीसाठी आणि चारित्र्यासाठी ‘उदात्त’. कलेच्या परमोत्कर्षासाठी ‘अलौकिक’ किंवा ‘लोकोत्तर’, अशी निवड संदर्भ पाहून करावी.

भारतीय रसविचारात याला समांतर असे काही आहे का?

तंतोतंत जुळणारी संज्ञा नाही, मात्र अनुभव नक्कीच ओळखीचा आहे. अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय आणि भयानक रसाचा स्थायीभाव भय. हे दोन्ही एकाच क्षणी एकाच मनात उसळलेले पाहायचे असतील तर गीतेचा अकरावा अध्याय वाचावा. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन म्हणतो, ‘अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे’. पूर्वी कधी न पाहिलेले पाहून मी हर्षित झालो आहे आणि भयाने माझे मन व्याकूळही झाले आहे. बर्कला जे शेकडो परिच्छेदांत सिद्ध करायचे होते ते इथे एका ओळीत आहे. याच अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आला असल्याचे म्हटले आहे. ‘सब्लाइम’ मराठी वाचकाला समजावून सांगायचे असेल तर कोणत्याही कोशातील प्रतिशब्दापेक्षा हा अध्याय अधिक उपयोगी पडतो.

एखाद्या पक्वान्नाला किंवा खेळातील फटक्याला ‘सब्लाइम’ म्हणणे चूक आहे का?

चूक नाही. आजच्या इंग्रजीत ‘अप्रतिम’, ‘निव्वळ लाजवाब’ या अर्थाने हा शब्द सर्रास येतो, विशेषतः पाककृती, संगीत आणि खेळांच्या वर्णनात. तिथे भयाचा लवलेशही नसतो, केवळ परिपूर्णतेचे कौतुक असते. त्याचे भाषांतर ‘उदात्त’ करणे मात्र हास्यास्पद ठरेल.

‘सब्लाइम इंडिफरन्स’ ही स्तुती आहे की टीका?

बहुतेक वेळा टीका. निर्विकारपणा, अज्ञान, आत्मविश्वास अशा नामांआधी हा शब्द आला की तो ‘पराकोटीचा’ या अर्थाचा होतो. ‘सब्लाइम इग्नरन्स’ म्हणजे घोर अज्ञान, तेही ज्याला आपल्या अज्ञानाची जाणीवच नाही अशाचे. ‘सब्लाइमली’ हे क्रियाविशेषणही असेच वापरले जाते.

‘फ्रॉम द सब्लाइम टू द रिडिक्युलस’ हा वाक्प्रचार कुठून आला?

उदात्त आणि हास्यास्पद यांत अवघ्या एका पावलाचे अंतर असते, असे नेपोलियन १८१२ सालच्या रशियातील माघारीनंतर म्हणाल्याचे सांगितले जाते. त्याआधी, १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या थॉमस पेनच्या लेखनातही हाच विचार आढळतो. आज एखादा कार्यक्रम किंवा चर्चा फार उंच पातळीवरून एकदम पोरकटपणावर घसरली की हा वाक्प्रचार वापरतात.

रसायनशास्त्रातील ‘सब्लाइम’ हा वेगळा शब्द आहे का?

शब्द तोच, क्रियापद म्हणून वापरलेला. घन पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो, त्या क्रियेला ‘सब्लिमेशन’ आणि मराठीत संप्लवन म्हणतात. कापराची वडी उघड्यावर ठेवली तर ती ओली होत नाही, खाली थेंब साचत नाही. कडा झिजत जातात आणि काही दिवसांनी वडी नाहीशी होते. कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, सामान्य वातावरणीय दाबाला उणे ७८.५ अंश सेल्सिअसला थेट वायू होतो. खालच्या अवस्थेतून एकदम वर उचलले जाणे हा मूळ लॅटिन अर्थ इथे शब्दशः टिकून आहे.

मानसशास्त्रातील ‘सब्लिमेशन’ म्हणजे काय?

समाजाला मान्य नसलेल्या प्रेरणांची ऊर्जा कला, ज्ञान किंवा सेवेसारख्या मान्य कार्याकडे वळणे, या प्रक्रियेसाठी फ्रॉइडच्या विचारातून ही संज्ञा प्रचलित झाली. मराठीत तिला उदात्तीकरण म्हणतात. इथे एक इशारा आवश्यक आहे. वृत्तपत्रांत ‘गुन्हेगारीचे उदात्तीकरण’ असे जे वाचायला मिळते त्याचा या संज्ञेशी संबंध नाही. तिथे वाईट गोष्टीला थोरपणाचा मुलामा देणे असा अर्थ आहे, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘ग्लोरिफिकेशन’ हा शब्द आहे. ‘सब्लिमेशन’ लिहिल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

‘सब्लिमिनल’ याच कुळातला आहे का?

दिसायला जवळचा, अर्थाने दूरचा. तो एकोणिसाव्या शतकात मानसशास्त्रासाठी घडवला गेला आणि त्यात ‘सब’चा अर्थ खरोखरच ‘खाली’ आहे: जाणिवेच्या उंबरठ्याखालचा. ‘सब्लिमिनल ब्युटी’ असे लिहिणारा बहुधा ‘सब्लाइम ब्युटी’ लिहू पाहत असतो.

‘ऑसम’ हा त्याचा आधुनिक पर्याय मानावा का?

एके काळी मानता आला असता. ‘ऑ’ म्हणजे भययुक्त आदर. त्यापासून झालेले ‘ऑफुल’ आणि ‘ऑसम’ हे दोन्ही शब्द मुळात धाक बसवणाऱ्या गोष्टींसाठी होते. कालांतराने पहिला ‘फारच वाईट’ या अर्थावर स्थिरावला आणि दुसरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मस्त’ इतका पातळ झाला. मूळचा ‘भीती घालणारा’ या अर्थाचा ‘टेरिफिक’ही आता कौतुकाचा आहे. मराठीतही ‘भयंकर आवडले’ असे म्हणताना कोणी भ्यालेले नसते. विस्मयाचे शब्द असे झिजतातच. ‘सब्लाइम’ त्या मानाने कमी झिजला आहे, कारण तत्त्वज्ञानाने आणि समीक्षेने त्याला सतत गंभीर कामाला लावले. औपचारिक लेखनात म्हणूनच ‘ऑसम’ टाळावा आणि ‘ऑ-इन्स्पायरिंग’ किंवा ‘सब्लाइम’ यांतून निवड करावी.

उच्चार आणि रूपे कशी लक्षात ठेवावीत?

‘सब्लाइम’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘लाइम’वर येतो. भाववाचक नाम ‘सब्लिमिटी’ असे होते आणि त्यात ‘लाइ’चा ‘लि’ होतो; ‘सब्लाइमिटी’ हा उच्चार चुकीचा आहे. संकल्पना या अर्थाने बोलायचे असेल तर विशेषणाआधी ‘द’ लावून ‘द सब्लाइम’ असे नाम करतात. तुलनेसाठी ‘सब्लाइमर’ आणि ‘सब्लाइमेस्ट’ ही रूपे जुन्या काव्यात सापडतात, परंतु आज ‘मोअर सब्लाइम’ आणि ‘मोस्ट सब्लाइम’ लिहिणे अधिक स्वाभाविक. ‘व्हेरी सब्लाइम’ व्याकरणाने बरोबर असले तरी मी ते टाळेन, कारण ज्या शब्दातच परमोच्च अवस्था आहे त्याला ‘फार’ची टेकू देण्याचे कारण उरत नाही.